बाबांची बंदूक ठाण्यात होती तोवर

निवडणूक जाहीर झाली की बाबांचा पारा चढायचा. राजकारणाचा त्यात काही संबंध नव्हता. आचारसंहिता लागली की परवाना असलेल्यांनी आपलं शस्त्र तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं, आणि बाबांकडे बंदूक होती. एकनळी, बारा बोअरची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. निकाल लागेपर्यंत ती ठाण्यात राहायची आणि तेवढा काळ आमची कोकणातली बाग रानडुकरांच्या ताब्यात. "डुकरांना कुठली आलीय आचारसंहिता," असं पुटपुटत ते बंदूक गोणपाटात गुंडाळायचे आणि रिक्षाने तालुक्याला जायचे.

त्या वर्षी निवडणूक जाहीर झाल्याचं मी सिंगापूरमध्ये, ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहून फोनवर वाचलं. मला इतकं हायसं वाटलं की भरलेला चहाचा कप तिथेच विसरून मी जागेवर येऊन बसले. निदान निकालापर्यंत ती बंदूक घरात नसणार होती.

बाबा बँकेत होते. शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि आईला घेऊन गावी आले. आंब्याची, काजूची बाग त्यांनी स्वतः उभी केली. बंदुकीची हौस त्यांना कधीच नव्हती. परवाना त्यांनी घेतला तो डुकरांनी दोन कलमांची मुळं उकरून टाकली म्हणून, आणि तो सत्कारणी लागला तो शेजाऱ्यांसाठी. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या बागांच्या मधे एक गडगा आहे, दगड रचून केलेली बुटकी भिंत. एकदा त्या गडग्यापलीकडे शेजारच्या अण्णांवर डुक्कर धावून गेलं, मांडी फाडली. बाबांनी ओरडा ऐकला, धावत जाऊन हवेत बार काढला, डुक्कर पळालं. मग बाबांनीच अण्णांना चादरीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. अण्णा पुढे पुष्कळ वर्षं जगले. त्यांच्या घरात बाबांचं नाव देवासारखं घेत.

हे सगळं सांगायचं कारण, बाबा पुढे ज्याच्यावर संशय घ्यायला लागले तो अण्णांचाच मुलगा. माझ्यापेक्षा थोडा लहान, मला ताई म्हणणारा. टेम्पो चालवतो, बाग बघतो, आईला बाजारातून काय हवं-नको ते आणून देतो.

सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी झाली. तो गडगा सरकवतोय. तो रात्रीचे आंबे उतरवतो. तो विहिरीत डोकावून गेला, पाण्याला वास येतो. मी फोनवर हसून सोडून द्यायचे. मग एके दिवशी आई हळू आवाजात म्हणाली, "हे म्हणतात, मीच त्याला दार उघडून घरात घेते." माझी आई सत्तरीची आहे. तिच्या बोलण्यात लाज होती, आणि ती लाज ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यानंतर काही दिवसांनी तिन्हीसांजेला बाबांनी गडग्याच्या दिशेने बार काढला. या वेळी हवेत नाही. छर्रे शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन बसले. अण्णांचा मुलगा गोठ्यात धार काढत होता. मी त्याला फोन केला तेव्हा तो मलाच धीर द्यायला लागला. "काकांना अंधारात दिसलं नसेल, ताई. डुक्कर वाटलं असेल."

"तू तक्रार कर," मी म्हटलं. "मी सांगतेय, कर. निदान नोंद तरी होईल."

"काकांविरुद्ध? माझे वडील कुणामुळे जगले?"

आणि लगेचच ती निवडणूक लागली. बंदूक ठाण्यात गेली. मी आणि नवऱ्याने ठरवलं, या मधल्या काळात आईबाबांना इकडे आणायचं, डॉक्टरला दाखवायचं, आणि जमलं तर बंदुकीचा विषय कायमचा संपवायचा.

आम्ही सिंगापूरच्या बुकित पंजांग भागात राहतो. बाबा आले आणि पहिले काही दिवस इतके छान गेले की मला वाटलं, आपण उगाच घाबरलो. सकाळी ते नातीबरोबर खाली जायचे. ती शाळेला गेली की हॉकर सेंटरमध्ये, खालच्या खाण्याच्या गाळ्यांपाशी, बसून कॉफी प्यायचे, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. संध्याकाळी मला विचारायचे, "बाय, तुमच्याकडे गुन्हेच होत नाहीत, तर पोलीस दिवसभर करतात काय?" मुलगी हसून म्हणायची, "आजोबा, दे ऑल्सो गॉट वर्क, लाह!" आणि ते तिच्या त्या इथल्या इंग्रजीतल्या 'लाह'ची नक्कल करायचे.

पहिला धक्का एलआरटीत बसला. आमच्याकडची ती छोटी गाडी इमारतींच्या अगदी जवळून जाते, म्हणून तिथे आली की तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात. लोकांच्या घरात बघता येऊ नये एवढंच. पण काच पांढरी झाली तसा बाबांनी माझा दंड धरला. "बघितलंस? मी बसलो तिथलीच काच बंद केली. त्याला कळलंय मी इथे आहे."

"कुणाला, बाबा?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडेच असं बघितलं, जणू मलाही सगळं ठाऊक आहे आणि मी वेड पांघरतेय.

आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या घरात एक म्हातारे चिनी गृहस्थ राहतात. एकटेच. कॉरिडॉरमध्ये कुंड्या ठेवतात, आमच्या तुळशीलाही पाणी घालतात. एका दुपारी ते तसंच पाणी घालत असताना बाबांनी दार उघडलं आणि हातातल्या छत्रीने त्यांच्यावर वार केले. पहिला खांद्यावर, दुसरा चुकवताना ते पडले. मी ऑफिसात होते. आईचा फोन आला. मी येईपर्यंत कुणीतरी पोलिसांना बोलावलं होतं. दोन तरुण अधिकारी कॉरिडॉरमध्ये उभे होते आणि बाबा सोफ्यावर अगदी शांत, हात मांडीवर ठेवून.

मी त्या शेजाऱ्यांपुढे अक्षरशः हात जोडले. त्यांच्या कोपराला खरचटलं होतं, कुणीतरी बर्फ लावला होता. पोलिसांनी त्यांना विचारलं, काय करायचं आहे. ते म्हणाले, "नेव्हर माइंड लाह. अंकल ओल्ड ऑलरेडी." आणि मला म्हणाले, "माझा भाऊ पण असाच होता."

पोलिसांनी माहिती लिहून घेतली, मला डॉक्टरकडे नेण्याचा सल्ला दिला आणि गेले. मी ती छत्री उचलून कपाटात टाकली. साधी, काळी, घडीची छत्री. बाबांनी इथे जे केलं तेच तिथे केलं होतं. तिथे हातात दुसरं काही होतं एवढंच.

बुओना व्हिस्टाजवळच्या एका क्लिनिकमध्ये आम्ही त्यांना नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, समजूतदार. बाबा त्यांच्याशी उत्तम इंग्रजीत बोलले, त्यांच्या घरच्यांची चौकशी केली, आंबे पाठवायचं कबूल केलं. नंतर बाईंनी मला एकटीला आत बोलावलं. विस्मरणाच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाल्या. त्यात काही जणांना असे पक्के संशय येतात, समजावून जात नाहीत. गोळ्या देऊ, फरक पडेल, किती ते सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "राग आला तर हाताला लागेल असं घरात काय आहे? सुऱ्या, कात्र्या, हत्यारं?"

"इथे नाही," मी म्हटलं. "गावी बंदूक आहे."

त्यांनी लिहिणं थांबवलं. मग म्हणाल्या, "हा प्रश्न मला इथे कधी विचारावा लागत नाही. पुढे काय सांगायचं ते मला खरंच माहीत नाही. ती त्यांच्या हाती पडू देऊ नका, एवढंच सांगू शकते."

मी आधी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. एका रविवारी सकाळी बाबा अगदी पूर्वीसारखे होते. मी त्यांना खाली घेऊन गेले, कॉफी आणली आणि म्हटलं, "बाबा, ती बंदूक परत आणू नका. परवाना सोडून द्या. आता वय झालं. कुंपणाला वीज लावू, माणूस ठेवू."

त्यांना राग आला नाही. ते पोटतिडकीने बोलले. "तुमच्या इथे खाली पोलीस उभा आहे. आमच्याकडे ठाण्याहून गाडी येईपर्यंत माणूस थंड होतो. अण्णाला डुकराने धरलं तेव्हा मी अर्ज करत बसायचं होतं का? मी कुणाची चोरी केली नाही, कुणावर हात टाकला नाही, दर वेळी परवान्याचं वेळेत नूतनीकरण केलं. आणि म्हातारा झालो म्हणून एक-एक वस्तू काढून घ्यायची. आधी स्कूटर, मग बँकेची सही, आता ही. उद्या घरात जागा तरी ठेवाल ना?"

त्यांच्या दृष्टीने त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. छत्रीचा प्रसंग ते विसरले होते, आणि मी तो काढला असता तर त्यांचा विश्वास बसला नसता.

तेवढ्यात समोरच्या टेबलापाशी कुणीतरी खुर्ची ओढली. बाबांनी मान वळवून त्या माणसाकडे बघितलं आणि खूप वेळ बघत राहिले.

मग मी जिल्ह्याला फोन लावला. शस्त्र परवान्यांचं काम बघणारे एक अधिकारी दोन-तीनदा लावल्यावर भेटले. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मॅडम, तुम्ही खोटं सांगताय असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण माझ्याकडे असे बरेच येतात. मुलगा येतो, पुतण्या येतो. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, त्याचा परवाना रद्द करा. मागे बघावं तर जमिनीचं भांडण. हा म्हातारा वेडा आहे असा कागद त्यांना पुढे कोर्टात दाखवायचा असतो. मी कुणाच्या शब्दावर कुणाचा परवाना काढून घेऊ?"

"पण त्यांनी बार काढलाय."

"तक्रार आहे?"

"नाही."

"कुणी जखमी?"

"नाही. म्हणजे जखमी व्हायची वाट बघायची का?"

ते चिडले नाहीत. "तुम्ही लेखी अर्ज करा. सुनावणी होईपर्यंत बंदूक ठाण्यातच राहील असं मी बघतो. पण त्यांना नोटीस जाणार. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं."

"नोटिशीत माझं नाव असेल?"

"अर्जदार तुम्हीच ना?"

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली नाही. "त्यांना कळलं तू असं लिहिलंस, तर ते तुझं तोंड बघायचे नाहीत."

"आणि मी लिहिलं नाही तर? आई, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते." तिने पोळी तव्यावर टाकली. "पण त्यांची वाटते की त्यांच्यासाठी वाटते, ते मला नीट सांगता येत नाही."

तू इथेच राहा, मी म्हटलं. बाबांना जायचं असेल तर जाऊ दे. ती माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तशी.

नवरा म्हणाला, "अर्ज कर. रागावतील, पण सगळे जिवंत राहतील." मी अर्ज केला. डॉक्टर बाईंनी पत्र दिलं, ते जोडलं. पाठवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन बाबांना विचारलं, रात्री काय खाणार. ते म्हणाले, "तुझ्या हातची मुगाची खिचडी." त्यांनी ती दोनदा मागून घेतली.

निकाल लागले. आणखी मुक्काम वाढवायला बाबा तयार नव्हते. कलमांची काळजी, डुकरांची काळजी. चांगी विमानतळावर त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याही. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

पुढचं सगळं मला आईकडून कळलं. नोटीस आली. बाबांनी ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. ओरडले नाहीत. सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांना जिल्ह्याला घेऊन गेलं कोण, तर अण्णांचा मुलगाच, त्याच्या टेम्पोतून. त्या दिवशी बाबांचा त्याच्यावर संशय नव्हता. वाटेत त्यांनी त्याला चहा पाजला.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. तारीख, वार, कलेक्टरचं नाव, पिकाचा हिशेब, बाबांनी सगळं बिनचूक सांगितलं. गोळ्यांचा थोडा गुणही आला असेल. डॉक्टरांनी लिहिलं, संभाषण सुसंगत, तपासणीच्या वेळी भ्रम आढळला नाही. त्यातला 'तपासणीच्या वेळी' हे शब्द पुढे कुणी वाचले असतील असं वाटत नाही. इथल्या डॉक्टर बाईंच्या पत्राबद्दल सुनावणीत बाबा म्हणाले, "परदेशात गेलो होतो, परक्या ठिकाणी थोडं गोंधळलो. तुम्ही नाही गोंधळणार?" सगळे हसले.

शेजाऱ्याला विचारलं, तुमची काही तक्रार आहे? तो म्हणाला, "माझ्या वडिलांचा जीव काकांनी ह्याच बंदुकीने वाचवला. माझी काही तक्रार नाही."

आईला विचारलं, तुम्हाला भीती वाटते का? ती म्हणाली, नाही.

हे सांगताना ती फोनवर रडायला लागली. "त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसवलं होतं गं मला. खांद्याला खांदा लागत होता. तिथे काय सांगणार होते मी?"

त्या अधिकाऱ्यांना दोष द्यावा असं मला पुष्कळदा वाटलं. पण त्यांच्यापुढे एक सरळ, अब्रूदार म्हातारा उभा होता, ज्याच्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नव्हती. होता तो फक्त हजारो मैलांवरून आलेला मुलीचा कागद. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. अर्ज निकाली निघाला. बाबा बंदूक घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "मुलगी गेली आपली."

मी पुष्कळ फोन केले. ते उचलत नाहीत. चुलतभावाला मध्ये घातलं, तो हात हलवत परत आला. विमानाचं तिकीट काढून गावी गेले, तर बाबा बागेत निघून गेले आणि मी घरात असेपर्यंत जेवायलासुद्धा आले नाहीत. आईने ताट झाकून गडग्यापाशी नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तिनेच मला जा म्हटलं. आईने एकदा काडतुसं तांदळाच्या डब्यात लपवली होती. बाबांना ती सापडली. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून काडतुसांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असते.

गोळ्या ते कधी घेतात, कधी थुंकतात. काही दिवस चांगले जातात. परवा शेजाऱ्याचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, मी तक्रार केली नाही म्हणून तुम्ही रागावला असाल."

"नाही रे."

"मला पण भीती वाटते हो. पण ते समोर बसले होते, अण्णांची आठवण झाली, नाही जमलं तोंडातून काढायला." मग घाईघाईने, मला बरं वाटावं म्हणून सांगायला लागला. गोठा त्याने बागेच्या पलीकडच्या टोकाला हलवलाय. तिन्हीसांजेनंतर तो गडग्याकडे फिरकत नाही. जावंच लागलं तर लांबूनच हाका मारत जातो, काका, मी आहे, मी आहे. मुलांनाही तसंच शिकवलंय.

मी त्याला म्हटलं, बरं केलंस. आणखी काय म्हणणार होते?

नातीशी मात्र बाबा बोलतात. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. तेव्हा मी फ्रेमच्या बाहेर, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहते. त्यांचा आवाज ऐकते. बारीक झालाय. गेल्या रविवारी ते तिला खुशीत सांगत होते, काल अंधारात एक भलं मोठं डुक्कर गडग्यापर्यंत आलं होतं, मी बार काढला, थोडक्यात वाचलं.

कॉल संपल्यावर मुलगी आत आली. "आई," ती म्हणाली, "इट वॉज डार्क, राइट? मग आजोबांना कसं कळलं ते डुक्करच होतं?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी आजोबांनाच विचार. आणि लगेच म्हटलं, नको, विचारू नकोस.